कोलंबोतला विद्यार्थी आणि गोव्यात राहिलेल्या बाळाबाई

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत कर्जाचा एक अर्ज आला. गटातल्याच एका ताईच्या मुलीला परदेशातल्या एका बंदराच्या शहरात दोन वर्षांच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला आहे. अर्ज वाचून झाला आणि पहिला प्रश्न आला तो पैशाचा नव्हताच. मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "थंय ती खातली काय?" सगळ्या हसलो. मग मुलीची आई हळूच म्हणाली, "ती खातली काय तरी. हय घरचा कोण बघतला?" त्यावर कोणी हसलं नाही.

त्या दोन प्रश्नांवरून आम्हाला आपल्या शेजारचीच एक जुनी गोष्ट आठवली. आज ती सांगतो.

गोव्यात साखवाळ नावाचं गाव आहे. तिथे 9 ऑक्टोबर 1876 रोजी धर्मानंद कोसंबी यांचा जन्म झाला. पुढे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे मोठे पंडित म्हणून त्यांचं नाव झालं. पण लहानपणी त्यांचं शाळेतलं शिक्षण फारसं झालं नाही. घरी माडांची बागायत होती, ती त्यांनी सांभाळली. 1891 मध्ये, पंधराव्या वर्षाच्या आसपास, चिखलीच्या लाड घराण्यातल्या बाळाबाईंशी त्यांचं लग्न झालं. पुढे 'बालबोध' या मुलांच्या मासिकात गौतम बुद्धाच्या चरित्रावरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्या विषयाने त्यांना असं धरलं की पुन्हा सोडलं नाही. (मासिकातले लेख कोण वाचतं, असं आम्हाला कोणी विचारलं की आम्ही हे उदाहरण देतो.)

बुद्धाची शिकवण मुळातून वाचायची तर पाली भाषा यायला हवी. ती गोव्यात शिकवणारं कोणी नव्हतं. गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा. म्हणजे सावंतवाडीला यायचं तरी एक सरहद्द ओलांडून यायचं. 1899 च्या अखेरीस धर्मानंद घर सोडून पुण्याला गेले. त्यांची मोठी मुलगी माणिक त्याच वर्षी जन्मलेली. बाळाबाई तान्ह्या पोरीला घेऊन गोव्यात राहिल्या.

पुण्यात त्यांना आधार मिळाला तो आपल्या मालवणच्या माणसाचा. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म 1837 चा, मालवणचा. तेही शिक्षणासाठी आधी रत्नागिरीला आणि मग मुंबईला गेलेले, तेव्हा परक्या गावातला विद्यार्थी काय असतो हे त्यांना सांगायला नको होतं. पुण्याहून धर्मानंद ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले आणि तिथे संस्कृत शिकले. जेवायला अन्नछत्र. मग नेपाळ पाहिलं, तिथे मनासारखं काही मिळालं नाही. बुद्धगयेवरून कलकत्ता आणि तिथून 1902 च्या मार्च महिन्यात सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका. कोलंबो शहर.

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो, कारण इथे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

कोलंबो हे आपल्यासारखंच किनाऱ्यावरचं गाव, फक्त फार मोठं. तेव्हाही मोठ्या आगबोटी तिथे थांबत. किनाऱ्याने माड, खाडी, भात, मासळी. आपल्याकडे जूनमध्ये येणारा पाऊस तिथे मे महिन्याच्या अखेरीसच पोचतो आणि मग वर सरकत आपल्याकडे येतो. म्हणजे साखवाळचा माणूस तिथे उतरला तर डोळ्यांना ओळखीचं वाटावं असं सगळं. पण कानाला काहीच ओळखीचं नाही. नारळाला ते 'पोल' म्हणतात, माशाला 'मालु'. नारळ खवायला त्यांच्याकडे 'हिरमनय' असतं. बसायची लाकडी बैठक आणि पुढे दातेरी पातं, आपल्या आडाळ्याचंच भावंड. नारळाच्या दुधात शिजवलेला भात ते सणाला करतात, त्याला 'किरिबत' म्हणतात. आमसूल मात्र तिथे नाही. त्याच्या जागी 'गोरका' नावाचं आंबट फळ वाळवून ठेवतात. ते झाड आपल्या रतांब्याच्या कुळातलंच, म्हणून तिथलं आंबट माशाचं कालवण आपल्या जिभेला परकं वाटूनही अगदीच परकं वाटत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे मालदीव बेटांवरची सुकी मासळी, 'उंबळकड'. लाकडासारखी टणक. ती कुटून पुष्कळशा भाज्यांतही घालतात. जो मासे खात नाही त्याने तिथे भाजी समोर आली तरी विचारून घ्यावं लागतं.

मैत्रिणींनो, अर्धं ओळखीचं आणि अर्धं अनोळखी असं अन्न पूर्ण अनोळखी अन्नापेक्षा जास्त घर आठवायला लावतं, असं आम्हाला वाटतं. मुंबईला चाकरीला गेलेल्या आपल्या माणसांना विचारून बघा.

धर्मानंद शिकायला राहिले ते विद्योदय नावाच्या विद्यालयात. 1873 मध्ये हिक्कडुवे सुमंगल या विद्वान भिक्षूंनी ते स्थापन केलं होतं आणि धर्मानंद गेले तेव्हाही सुमंगलाचार्यच तिथले प्रमुख होते. तिथे धर्मानंदांनी श्रामणेर दीक्षा घेतली. श्रामणेर म्हणजे भिक्षू होण्याच्या आधीची पायरी. डोकं मुंडायचं, पिवळं वस्त्र नेसायचं आणि दहा नियम पाळायचे. त्यातले तीन तर विद्यार्थ्याच्या रोजच्या जगण्यालाच हात घालणारे आहेत. दुपारचे बारा वाजून गेले की जेवायचं नाही. उंच, मऊ बिछान्यावर निजायचं नाही. सोनं, रुपं, पैसा हातात घ्यायचा नाही.

पैसा हातात घ्यायचा नाही म्हटल्यावर खानावळ कशी चालायची? ती चालायची दानावर. भिक्षूंना आणि श्रामणेरांना गावातली घरं जेवण देतात. पहाटे उठून भात रांधायचा, कालवण करायचं आणि बाराच्या आत ते पोचवायचं. ही रीत तिथे आजही आहे. हे जेवण रांधतं कोण, हे तुम्हाला सांगायला नको. त्या विद्यालयात पाली शिकलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या मागे कोलंबोतल्या कितीतरी बायकांच्या चुली पेटलेल्या होत्या. त्या बायकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

शिकण्यातही एक अडचण होती. पाली ही भाषा, पण तिची स्वतःची अशी एक लिपी नाही. आपल्याकडे ती देवनागरीत छापतात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, तर सिलोनात सिंहली लिपीत. म्हणजे पाली शिकायच्या आधी सिंहली अक्षरं गिरवायची. ही अक्षरं सगळी गोल गोल, जिलबीसारखी. पूर्वी ताडपत्रावर लोखंडी टोकाने लिहीत, सरळ रेघ ओढली की पान फाटे, म्हणून अक्षरं गोल झाली असं सांगतात. पंचविशी उलटलेल्या, एका मुलीचा बाप असलेल्या, काशीत संस्कृत शिकून आलेल्या माणसाने पुन्हा पाटीवरच्या पोरासारखं अक्षर गिरवायचं! आपल्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ज्या बसल्या आहेत त्यांना ही लाज ठाऊक आहे आणि ती दोनेक आठवड्यांत जाते हेही ठाऊक आहे.

कोलंबोत ते साधारण एक वर्ष राहिले. विद्यार्थ्याचं बिऱ्हाड म्हणजे आज आहे, उद्या नाही. 1903 मध्ये ते मद्रासला परतले, पुढे ब्रह्मदेशात गेले आणि 1906 मध्ये कलकत्त्याला आले. त्या एका वर्षात जी पाली पक्की झाली तिच्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी पाली ग्रंथावर काम केलं. 1912 ते 1918 पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली आणि मराठीत बुद्धावर पुस्तकं लिहिली. बुद्धाचं चरित्र साध्या मराठीत वाचायला मिळतं त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

हे सगळं खरं आणि आदराने सांगण्यासारखं. पण आम्ही सालं मोजली. 1899 ची अखेर ते 1906. जवळजवळ सात वर्षं. तान्ही माणिक या काळात चालायला लागली, बोलायला लागली, सात वर्षांची झाली. धर्मानंदांनी 'निवेदन' नावाचं आत्मचरित्र लिहिलं, त्यामुळे त्यांचा काशीतला, नेपाळातला, कोलंबोतला प्रवास आपल्याला कळतो. बाळाबाईंनी असं काही लिहिलं नाही. नवरा दूर देशी, डोक्यावरचे केस उतरवून साधू झालेला, परत येईल की नाही कोण जाणे. त्या काळात अशा बाईला सवाष्ण म्हणून हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, असाही प्रश्न लोकांना पडला असेल. हा आमचा अंदाज आहे. पण आपल्या गावात नवरा कुठे गेला ते ठाऊक नसलेल्या बाईला काय काय ऐकावं लागतं, ते बघून केलेला अंदाज आहे.

धर्मानंद मोठे होते यात वाद नाही. त्यांनी पुढे संसार पुन्हा उभा केला. मुलगा दामोदर 1907 मध्ये जन्मला, तोच पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगभर गाजला. मनोरमा आणि कमला या आणखी दोन मुली झाल्या. आमचं म्हणणं एवढंच आहे की कोलंबोतल्या त्या एका वर्षाचं भाडं दोन ठिकाणी भरलं जात होतं, आणि इतिहासात पावती एकाच ठिकाणची आहे.

1918 साली हीच गोष्ट थोडी वळण घेते. धर्मानंद पुन्हा अमेरिकेला निघाले तेव्हा माणिक आणि दामोदर यांना बरोबर घेऊन गेले. केंब्रिज गाव, बोस्टनच्या बंदराला लागूनच. जिला तान्ही असताना वडील सोडून गेले होते ती माणिक आता एकोणीस वर्षांची, वडिलांबरोबर आगबोटीत, स्वतः विद्यार्थिनी. बाळाबाई याही वेळी धाकट्या दोघींना घेऊन मागे राहिल्या.

त्याच 1918 साली आपल्या कोकणातली आणखी एक बाई शिकायला समुद्रापार गेली. पार्वतीबाई आठवले, जन्म देवरुखचा, 1870 चा. विशीत वैधव्य आलं. बहीण महर्षी कर्व्यांना दिलेली. हिंगण्याच्या आश्रमासाठी पार्वतीबाईंनी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. इंग्रजी आलं तर आश्रमासाठी आणखी काही करता येईल म्हणून अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्या अमेरिकेला गेल्या, पश्चिम किनाऱ्यावरच्या सॅन फ्रान्सिस्को बंदरात. लोकांच्या घरी घरकाम केलं, त्यातून पोट भरलं आणि त्या घरातल्या माणसांशी बोलत बोलत इंग्रजी शिकल्या. 1920 मध्ये परत आल्या आणि 'माझी कहाणी' लिहिली. त्यांच्या मागे घरी रडणारं तान्हं नव्हतं, मुलगा मोठा झाला होता. बाईची पाळी यायला एवढी वर्षं जावी लागली. आली तेव्हाही भांडी घासूनच शिकावं लागलं, पण शिकल्या.

आमच्या गटाने त्या अर्जाचं काय केलं ते सांगायचं राहिलं. कर्ज मंजूर झालं. आजींनी कोकमं आणि सुकी सुंगटं बांधून द्यायचं कबूल केलं. विमानात ती चालतात का, ते मुलगी विचारून घेणार आहे. घरच्या कामाबद्दल बोलणं जास्त लांबलं. मुलीच्या आईचा बाजारातला मासळीचा वार आठवड्यातून दोनदा असतो, त्या दिवशी धाकट्याला शाळेतून कोण आणणार यावर दोघीजणींनी पाळी लावून घेतली. गटाची वही इतकी वर्षं तीच मुलगी लिहीत होती. तिचं अक्षर फार सुरेख. वही आता कोणी लिहायची, हे अजून ठरायचं आहे.