अकस्मात मयताची चौकशी

करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांच्या पायथ्याशी पसरलेला वैभववाडीचा मुलूख १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे, आणि जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन रत्नागिरीस बसत असल्यामुळे, आषाढात वहाळ दुथडी भरून वाहू लागले म्हणजे डोंगरालगतच्या एखाद्या वाडीत विहिरीत सापडलेल्या प्रेतापर्यंत शल्यवैद्याची सुरी वेळेत पोहोचणे दुरापास्तच होते. ही अडचण सरकारलाही ठाऊक होती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील १७४ व्या कलमाने संशयास्पद मृत्यूतील प्रेत सिव्हिल सर्जनकडे रवाना करण्याची तजवीज केली खरी. परंतु हवामान आणि अंतर यांचा विचार करता, वाटेतच प्रेत कुजून परीक्षा व्यर्थ ठरण्याची धास्ती नसेल तरच, ही अट तिला जोडून ठेवली. कोकणच्या पावसाशी ज्याची गाठ पडली आहे, त्याला या अटीचे मोल निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

म्हणून मोफसलातील मृत्युशोधाचा भार मुख्यतः पोलीस पाटलाच्या नजरेवर राहिला. अनैसर्गिक वा आकस्मिक मृत्यू घडताच पाटलाने गावातील वा शेजारातील दोन किंवा अधिक समंजस माणसे पंच म्हणून जमवावीत, त्यांनी मरणाचे कारण आणि भोवतालची सारी परिस्थिती पाहून लेखी अहवाल करावा, आणि घातपाताचा संशय आल्यास तत्काळ ठाण्यात खबर देऊन, प्रेताची स्थिती तशी असेल तर ते वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावे, असे १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने ठरवून दिले होते. मुंबई शहरात हेच काम १८७१ च्या कायद्यान्वये कॉरोनर पाहत असे. ते पद १९९९ साली संपुष्टात आले. पाटील मात्र, वतन गेल्यावरही, १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमान्वये टिकून राहिला.

आणि नजर ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात आशुमृतकाच्या, म्हणजे अकस्मात मेलेल्या मनुष्याच्या, परीक्षेला स्वतंत्र अध्याय दिला असून, प्रेतास तेल चोळून ते तपासावे, आणि हातपाय सुजलेले, डोळे उघडे, कंठावर वळ असे दिसल्यास श्वास कोंडून मारले असे समजावे, हे तो सांगतो. आजचा न्यायवैद्यकतज्ज्ञही गळ्यावरचा वळ प्रथम पाहतो: गळफासाचा वळ बहुधा वर, गाठीकडे तिरपा चढत जातो व पुरा होत नाही, दोरीने आवळलेल्या गळ्यावरचा वळ आडवा आणि सलग असतो. विहिरीतून काढलेल्या देहाच्या तोंडानाकाशी बारीक पांढरा फेस असला, आणि मुठीत शेवाळ वा गवत घट्ट धरलेले सापडले, तर तो जीव पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता असे मानण्यास बळकट आधार मिळतो. पंचाने ती मूठ उघडून पाहिली नाही, किंवा पाहून लिहिली नाही, तर पुढे कोणत्याही प्रयोगशाळेला ती परत उघडता येत नाही.

विषाची गोष्ट निराळी. सोमल घेतलेल्याच्या उलट्याजुलाब पटकीसारखेच दिसत असल्याने तेथे डोळा फसे; जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात राखून रासायनिक परीक्षेस धाडावे लागत. मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक आयझिडोर लायन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला न्यायवैद्यकाचा ग्रंथ या अनुभवावरच उभा आहे.

परंतु पंचांच्या नजरेची एक दुर्बलता शास्त्राने भरून निघणारी नव्हती. पंच शेजारचे, पुष्कळदा भावकीतलेच. सासरी नांदणारी सून विहिरीत सापडली की ‘पाय घसरून पडली’ हे शब्द कागदावर उतरणे फार सोपे होते, आणि माहेरची माणसे घाट चढून-उतरून येईपर्यंत चिता विझलेली असे. फौजदारी प्रक्रिया संहितेतील १९८३ च्या दुरुस्तीने विवाहापासून सात वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली, वा तिचा मृत्यू संशयास्पद ठरला, तर तिचे प्रेत वैद्यकीय परीक्षेस पाठवणे पोलिसांवर बंधनकारक केले, आणि या सबंध इतिहासात मला ही तरतूद सर्वांत मोलाची वाटते. कारण तिने प्रथमच गावच्या एकमतापेक्षा मृत स्त्रीच्या देहाची साक्ष वरचढ मानली. अशा मयताचा पंचनामा आता तहसीलदारासारख्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याने करण्याचा शिरस्ता आहे, आणि त्यावर सही करणारे पंच सासरच्या नात्यातले नसावेत, एवढे तरी पाहिले गेले पाहिजे.