नाडीचा ताल आणि एक बारीक नळी

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवा बरं. टक, टक, टक... ताल एकसारखा आहे ना? काही जणींचा हा ताल पार विस्कटलेला असतो. हृदयाचे वरचे कप्पे नीट दाबले न जाता नुसते थरथरतात. तिथं रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती मेंदूकडे गेली, की लकवा. या आजाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात.

आज त्यावर मांडीच्या शिरेतून नळी नेऊन इलाज होतो, छाती उघडावी लागत नाही. ही वाट सापडली कशी?

१९२९ साल. जर्मनीतलं एबर्सवाल्ड गाव. वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरला वाटे, हातातल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेता येईल. वरिष्ठांनी मनाई केली. साहित्य होतं परिचारिका गेर्डा डिट्झन यांच्या ताब्यात. त्या म्हणाल्या, प्रयोग माझ्यावर करा. त्यानं त्यांना टेबलाला बांधलं आणि नळी घातली ती स्वतःच्याच हातात! मग चालत जाऊन एक्स-रे काढला. नळी हृदयात पोचली होती. १९५६ साली त्याला आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं.

पुढे १९८७ मध्ये अमेरिकेत जेम्स कॉक्स यांनी छाती उघडून हृदयाच्या वरच्या कप्प्यांत आखून छेद दिले. छेदाच्या जागी वण तयार होतो. वणातून हृदयातली वीज पुढे जात नाही, म्हणून तिचं भरकटणं थांबतं. पण शस्त्रक्रिया मोठी होती.

१९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्डो शहरात मिशेल हायसागेर यांच्या चमूनं ४५ रुग्ण तपासले. बिघडलेले ठोके कुठून सुरू होतात? शंभरातले ९४ उगम फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांमध्ये सापडले. आपण शेतकरणी, आपल्याला हे लगेच कळेल. पाणी एकाच फटीतून शिरत असेल तर वावरभर कशाला खणायचं? तोंडाशीच बांध घालायचा. तसं नळीच्या टोकानं शिरांच्या तोंडाभोवती चटका देऊन वणाचं कडं करू लागले. पुढे गोठवणारा फुगाही आला.

हा इलाज सगळ्यांनाच लागत नाही, कधी दोनदाही करावा लागतो. आणि तो झाला म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

पण सुरुवात मनगटापासूनच होते. पुढच्या बैठकीत एकमेकींची नाडी बघा. सासूबाईंची, आईचीही बघा. ताल चुकतोय असं वाटलं तर "वय झालं" म्हणून सोडू नका. दवाखान्यात जाऊन ईसीजी काढून घ्या.