राजीनामा न दिलेली जागा

वाशीम हें १९९८ सालीं जिल्ह्याचें ठिकाण झालें. पण १९०५ पूर्वींहि तें जिल्ह्याचें ठिकाण होतें आणि इंग्रजी दप्तरांत त्याचें नांव बासीम असें लिहिलें जाई. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें व १८६१ पासून तेथें मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. त्या रयतवारी पद्धतींत एक साधी तरतूद होती. ज्या खातेदाराला शेत नको असेल त्यानें राजीनामा लिहून द्यावा. जो तें घेईल त्यानें कबुलायत लिहून द्यावी. राजीनामा पडला नाहीं तोंवर शेतांत बाभळी माजल्या तरी दप्तरीं तें जुन्याच माणसाच्या नांवावर राही, साऱ्याचा बोजाहि त्याच्याच माथीं राही, आणि गरजवंताला तें मिळत नसे.

संगणकाच्या स्मृतीचा, म्हणजे बोलीभाषेंत जिला मेमरी म्हणतात तिचा, कारभार असाच चालतो. स्मृति म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांची एक लांबच लांब ओळ. प्रोग्राम कामाला लागला कीं तो जागेची मागणी करतो, ती त्याच्या नांवें लागते, आणि काम सरल्यावर ती मोकळी व्हावी अशी अपेक्षा असते. ती मोकळी करावी कोणी, हाच सारा वाद आहे.

अमेरिकेंतील जॉन मॅकार्थी यांनीं १९६० सालीं लिस्प भाषेचें वर्णन प्रसिद्ध केलें, त्यांत हें काम यंत्राकडे सोपविलें होतें. जागा संपत आली कीं यंत्रानें स्वतः फेरी मारावी, ज्या खणापर्यंत कोणताहि पत्ता पोंचत नाहीं तो बेवारस समजावा आणि पुन्हां वांटून टाकावा. या फेरीला ‘कचरा गोळा करणें’ असें नांव पडलें. नांव ओबडधोबड खरें, पण कल्पना मोठी सुरेख.

बेल लॅबोरेटरीजमध्यें डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास सी भाषा रचिली तेव्हां त्यांनीं उलट मार्ग धरला. त्याला कारणहि होतें. त्या मंडळींच्या पहिल्या पीडीपी-११ यंत्राची स्मृति अवघी २४ किलोबाइट. त्यांतील १६ तर यंत्राच्या व्यवस्थेलाच लागत. इतक्या तुटपुंज्या वतनांत फेरी मारणारा चौकीदार पोसणार कोण? म्हणून सी भाषेंत ‘मॅलॉक’ ही कबुलायत आणि ‘फ्री’ हा राजीनामा. दोन्ही प्रोग्राम लिहिणारानें स्वहस्तें द्यावयाचे. कर्निहॅन व रिची यांच्या १९७८ च्या ग्रंथांत या कारभाराची एक छोटी वही लिहून दाखविली आहे. परत आलेले तुकडे पत्त्यांच्या क्रमानें एका साखळींत ओंवून ठेवावयाचे. नवी मागणी आली कीं पुरेसा असा पहिला तुकडा शोधावयाचा, मोठा निघाल्यास हवा तेवढाच कापून द्यावयाचा. आणि दोन मोकळे तुकडे शेजारीं आले तर बांध मोडून एक करावयाचे. बांध मोडले नाहींत तर वावराचे इतके बारीक वाफे पडतात कीं, एकूण जागा भरपूर असूनहि मोठ्या मागणीला एकहि पुरत नाहीं.

राजीनामा विसरला तर काय होतें? लंडनच्या रुग्णवाहिका खात्यांत १९९२ सालीं गाड्या धाडण्याचें काम संगणकाकडे दिलें होतें. तेथील प्रोग्राम सी भाषेंत नव्हता, पण दोष याच जातीचा. प्रत्येक गाडी धाडतांना थोडीशी जागा घेतली जाई व परत दिली जात नसे. सुमारें तीन आठवड्यांत सगळी स्मृति भरली, आणि ४ नोव्हेंबर रोजीं पहांटे यंत्रणा बंद पडून लोकांना पुन्हां कागदावर यावें लागलें. उलट, राजीनामा घाईनें दिला तर जुना खातेदार दुसऱ्याच्या शेतांत पेरणी करूं लागतो, आणि हा अपराध पहिल्याहून अधिक भयंकर. कारण पीक कोणाचें बुडालें हें लवकर उमगतहि नाहीं.

हान्स बोम व मार्क वाइझर यांनीं १९८८ सालीं सी भाषेलाहि फेरीवाला जोडून दाखविला. जो आंकडा पत्त्यासारखा दिसेल तो पत्ताच मानावा, चुकल्यास जागा राहूं द्यावी पण हिसकावूं नये, असा त्याचा सावध बाणा होता.

तरी एक गांठ सुटली नव्हती. फेरीवाला बेवारस जागा ओळखतो. पण वारस आहे, मात्र तो पुन्हां कधींच फिरकणार नाहीं, अशा जागेचें काय? या प्रश्नावर महाराष्ट्रांतच, पवईच्या आय. आय. टी. मध्यें काम झालें. उदय खेडकर, अमिताभ सन्याल व अमेय करकरे यांचा निबंध २००७ सालीं प्रसिद्ध झाला. प्रोग्राम चालविण्यापूर्वीं त्याचा मजकूर तपासून, कोणत्या ठिकाणानंतर कोणत्या पत्त्याचें काम उरत नाहीं हें त्यांनीं ठरविलें, आणि तेथें तो पत्ता पुसण्याची आज्ञा घातली. पत्ता पुसला कीं फेरीवाल्याच्या हातीं ती जागा आपोआप लागते. त्यांचे प्रयोग जावा भाषेवर होते, जिच्यांत फेरीवाला मुळांतच असतो.

सी भाषेनें मात्र आपला बाणा सोडलेला नाहीं. २०२४ सालीं निघालेल्या तिच्या नव्या प्रमाणग्रंथांत फेरीवाला नाहींच. राजीनाम्याचे आणखी दोन नमुने तेवढे आले आहेत, आणि त्यांत परत करावयाच्या जागेचें क्षेत्रहि देणारानेंच नमूद करावयाचें आहे.