आधी मजुरी की आधी जात?

आपल्या धर्माबादवरून जाणारी रेल्वेलाइन पुढे मनमाडला मिळते. त्याच मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असं बाबासाहेबांनी तिथं ठणकावून सांगितलं.

यामुळे कामगारांत फूट पडते, हा आरोप तेव्हाही झाला. पण फूट आधीच होती. रेल्वेत अस्पृश्य माणूस जन्मभर गँगमन राही. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागत, म्हणून त्याला पोर्टरसुद्धा करत नसत. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचं साचाखातं त्याला बंद होतं, कारण धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला.

पण ते तिथंच थांबले नाहीत. संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षानं कम्युनिस्टांसोबत एक दिवसाचा संप केला. मनमाडनंतर अवघ्या नऊ महिन्यांत!

मित्रांनो, धर्माबादच्या मिरची बाजारात देठं खुडणाऱ्या बायांची आणि पोती उचलणाऱ्या हमालांची संघटना बांधताना हा इतिहास समोर ठेवा. मजुरी मागा. त्याच बैठकीत विचारा, हलकं काम कोणाच्या वाट्याला येतं, मुकादम कोण होतो? ‘जात नंतर बघू’ म्हणणारी एकजूट फसवी असते. आणि ‘आपलं भागलं, बस्स’ म्हणणारी संघटना बाबासाहेबांची नसते.

जय भीम!