मेंदूतील गाठ : शस्त्रक्रिया कधी लागते, कधी नाही

स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘गाठ’ हा शब्द वाचला की बोईसर-तारापूरकडचे नातेवाईक मला पहिला प्रश्न विचारतात, ‘डॉक्टर, डोकं उघडावं लागेल का?’ हे गाठीचा प्रकार, तिची जागा, आकार आणि रुग्णाची अवस्था यांवर ठरते. नुसता रिपोर्ट वाचून कोणी ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगत असेल तर जरा थांबा.

मेंदूत दिसणारी प्रत्येक गाठ ट्यूमर नसते. आपल्या देशात पहिल्यांदाच फिट आलेल्या रुग्णाच्या स्कॅनमध्ये छोटी, कड्यासारखी गाठ दिसली, तर ती बरेचदा टीबीची किंवा फीतकृमीच्या अळीची निघते. कृमीची अंडी दूषित पाण्यातून आणि नीट न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात, म्हणून शुद्ध शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. असे बहुतेक रुग्ण औषधांनीच बरे होतात. टीबीचे औषध मात्र अनेक महिने घ्यावे लागते, आणि मध्येच सोडले तर त्रास परत येतो.

खऱ्या ट्यूमरमध्येही सगळे कॅन्सर नसतात. मेंदूच्या आवरणातून वाढणारा मेनिंजिओमा बहुधा साधा असतो आणि हळू वाढतो. वयस्क माणसात तो लहान असेल, काही त्रास देत नसेल, तर ठरावीक काळाने एमआरआय करून नुसती नजर ठेवली जाते. पिट्यूटरी ग्रंथीच्या गाठींपैकी प्रोलॅक्टिन वाढवणारी गाठ सहसा गोळ्यांनीच आक्रसते. मेंदूच्या पेशींतून होणाऱ्या ग्लायोमाच्या चार पायऱ्या मानतात. वरच्या पायरीच्या गाठी वेगाने वाढतात, तिथे वाट पाहणे परवडत नाही. शरीरात दुसरीकडे, विशेषतः फुप्फुसात किंवा स्तनात, झालेला कॅन्सर मेंदूत पसरूनही गाठी होतात.

गाठीचा दाब वाढून डोकेदुखी सतत वाढत असेल, उलट्या होत असतील, दिसणे कमी होत असेल, एक हात-पाय लुळा पडत असेल किंवा मेंदूतील पाण्याची वाट अडली असेल, तेव्हा सर्जनला लवकर हात घालावा लागतो. गाठ नेमकी कशाची हे कळण्यासाठी तुकडा काढायचा असेल, तेव्हाही शस्त्रक्रिया लागते. मात्र दरवेळी सगळी गाठ काढणे शक्य नसते. बोलणे किंवा हालचाल सांभाळणाऱ्या भागाला चिकटलेला अंश सर्जन मुद्दाम ठेवतो, आणि गरजेप्रमाणे रेडिएशन किंवा केमो देतात. ‘अर्धंच काढलं’ म्हणून रागावण्याआधी त्याचे कारण विचारा.

डेक्सामेथासोनच्या इंजेक्शनाने सूज उतरते आणि दोन दिवसांत रुग्ण उठून बसतो. मग घरचे म्हणतात, ‘आता बरं आहे, ऑपरेशन कशाला?’ माझा सर्वाधिक वेळ हेच समजावण्यात जातो. सूज उतरली, गाठ तिथेच आहे. हे औषध स्वतःहून एकदम बंद करणेही धोक्याचे आहे.

फिट येत असेल तर एमआयडीसीतले यंत्रावरचे वा उंचीवरचे काम आणि मोटारसायकल डॉक्टर सांगेपर्यंत बंद. फिट सुरू असताना तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगायला देऊ नका. कुशीवर वळवा, वेळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

मुंबईला जायचे ठरले तर परळला टाटा मेमोरियल आणि केईएम जवळजवळ आहेत. दादरपर्यंत रेल्वेने जाता येते, पण फिट येणाऱ्या रुग्णाला गर्दीच्या डब्यात उभे राहू देऊ नका. स्कॅनच्या मूळ फिल्म आणि सीडी सोबत घ्या, नुसता कागद पुरत नाही. आधार आणि रेशन कार्डही ठेवा, म्हणजे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का हे तिथल्या आरोग्यमित्राला लगेच विचारता येईल. फिटच्या गोळ्या प्रवासाच्या दिवशीही चुकवू नका.