मीठ फुटलेलं रान

मागच्या शनिवारी मामाकडे गेलो होतो, इंदापूर तालुक्यात. कालव्याखालच्या त्याच्या रानात लहानपणी ऊस मोडून खाल्लाय. आता तिथे जमिनीवर पांढरा थर आणि खुरटलेली चार ताटं.

"मीठ फुटलंय," मामा म्हणाला.
"खत जास्त झालं का?"
"नाही रे, पाणी जास्त झालं."

इंदापुरात, आणि पाणी जास्त? डोकं भणाणलं. पुण्याला आल्यावर शोधत बसलो.

तर मंडळी, १८७६-७८ चा मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर १८८० च्या दशकात भाटघर धरणाचं पाणी नीरा डाव्या कालव्यातून बारामती-इंदापूरकडे आलं. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. पाणीपट्टी एकरावर, म्हणजे दोन पाळ्या जास्त दिल्या तरी पट्टी तेवढीच! मग हात कोण आखडणार?

काळ्या भारी जमिनीला निचरा कमी. त्यात कालव्याचा पाझर. जमिनीखालचं पाणी वर वर येत गेलं. वरचं पाणी उन्हाने उडतं, त्यातले क्षार मात्र मागे राहतात. आमच्या भाषेत सांगायचं तर मेमरी लीक: घेतलंय, पण सोडलेलं नाही. अशा मातीत ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. वर सोडियम पानांत साठतो, कडा करपतात, आणि तोच सोडियम मातीची घडण मोडतो. मग जमीन चोपण होते.

गंमत बघा. मास आणि हॉफमन या अमेरिकन संशोधकांनी १९७७ साली कुठलं पीक किती खारटपणा सोसतं त्याचे आकडे मांडले. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता मोजायची. बार्लीचं उत्पन्न ८ डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे घटू लागतं, कापसाचं ७.७ च्या, आणि उसाचं फक्त १.७ च्या! ज्या पिकासाठी एवढं पाणी पाजलं, तेच या तिघांत मिठापुढे सगळ्यात नाजूक.

हे कुणाला कळलं नव्हतं का? कळलं होतं की. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर १९१० सालीच पुस्तिका लिहिली. म्हणजे बग रिपोर्ट शंभर वर्षांहून जुना, आणि अजून ओपन! २००९ साली बारामतीजवळ माळेगावला पिकांवरच्या अशा ताणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्थाही उभी राहिली.

मामाला फोन करून उत्साहाने सांगितलं, "चर काढ, जिप्सम टाक, धैंचा गाड."
"ते ठाऊक आहे रे. पण चराचं पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं तर खालच्या तिघांच्या रानातून जावं लागतं. त्यांना कोण समजावणार?"

मी गप्प. पुढच्या शनिवारी पुन्हा जातोय. या वेळी त्या तिघांकडेही.