बाहीवरच्या चार पट्ट्या

मंडळी, धाराशिवच्या माणसाने आरमारावर लिहावं म्हणजे जरा आगाऊपणाच. आमच्याकडे पाणी म्हणजे तेरणा, तेही पाऊस झाला तर! पण जुने फोटो बघून "हा कोण? कुठल्या हुद्द्याचा?" हे शोधून काढायचा नाद मला कधीचा लागलाय. लॉग फाईल वाचून एरर शोधण्यासारखंच काम आहे हे. खुणा समोरच असतात, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं. या वीकेंडला जर्मन आरमाराचे गणवेश. जर्मन का? कारण या गणवेशांची गोष्ट फिरत फिरत थेट गोव्याच्या मुरगाव बंदरात येते.

आधी थोडा फंडा क्लिअर करू. निळ्या कोटातला अधिकारी दिसला की पहिली नजर बाहीवर. सोनेरी पट्ट्यांच्या वर काय आहे? आपल्या नौदलात, ब्रिटिशांप्रमाणेच, वरच्या पट्टीला एक गोल वेटोळं असतं. जर्मन बाहीवर ते नाही. तिथे कैसरच्या काळात, म्हणजे १९१८ पर्यंत, राजमुकुट असायचा. कैसर गेला, मुकुट गेला, आणि त्या जागी पाच टोकांचा तारा आला. हा तारा जहाज चालवणाऱ्या, लढणाऱ्या शाखेचा. इंजिनियर मंडळींना ताऱ्याऐवजी दातेरी चाक :) छातीवर उजव्या बाजूला गरुड आणि स्वस्तिक दिसलं तर फोटो १९३४ नंतरचा. म्हणजे नुसती बाही आणि छाती बघून फोटोचा काळ ठरवता येतो.

आता पट्ट्या मोजा. एक पट्टी म्हणजे लॉयटनांट, दोन म्हणजे ओबरलॉयटनांट, दोन जाड आणि मध्ये एक बारीक म्हणजे कापिटेनलॉयटनांट. तीन पट्ट्या म्हणजे कोर्वेटनकापिटेन. इथे आपली हमखास गल्लत होते. आपल्याकडे तीन पट्ट्या म्हणजे कमांडर, पण जर्मनांचा तीन पट्ट्यांचा माणूस साधारण आपल्या लेफ्टनंट कमांडरच्या बरोबरीचा. त्याच्या वर फ्रेगाटनकापिटेन आणि त्याच्याही वर कापिटेन त्सूर झे. गंमत म्हणजे या दोघांनाही चारच पट्ट्या! निळ्या कोटातल्या फोटोवरून यांना वेगळं करता येत नाही. पांढरा उन्हाळी कोट किंवा ओव्हरकोट असेल तर खांद्यावरची विणलेली फीत दिसते. तिच्यावर एक चांदणी असेल तर फ्रेगाटनकापिटेन, दोन असतील तर कापिटेन.

टोपीचाही उपयोग होतो. हिटलरच्या काळातल्या टोप्यांवर कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या झापेला नुसती नक्षीदार किनार, कोर्वेटनकापिटेनपासून वर ओकच्या पानांची एक ओळ, आणि ॲडमिरल मंडळींना दोन ओळी. साध्या खलाशाच्या टोपीभोवती रिबन. पूर्वी तिच्यावर जहाजाचं नाव असे, युद्ध सुरू झाल्यावर नुसतं 'क्रीग्समरीनं', म्हणजे आरमार. शत्रूला जहाज कळू नये म्हणून. पाणबुडीवर पांढऱ्या टोपीतला माणूस दिसला तर तो बहुधा कप्तान.

आता म्हणाल, हे घोकून करायचं काय? तीन गोष्टी सांगतो.

पहिली, एमडन. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री या जर्मन क्रूझरने मद्रासवर तोफा डागल्या आणि बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. तिचा कप्तान कार्ल फॉन म्युलर हा फ्रेगाटनकापिटेन, म्हणजे वर सांगितलेल्या चार पट्ट्यांच्या घोळातला. एमडनला खरी धुराडी तीन. म्युलरने चौथं खोटं धुराडं उभारलं, लांबून ब्रिटिश जहाज वाटावं म्हणून. २८ ऑक्टोबरला याच वेषात ती पेनांग बंदरात शिरली आणि तिने झेमचुग ही रशियन क्रूझर बुडवली. पण गोळीबाराच्या आधी तिने स्वतःचा जर्मन झेंडा चढवला होता. समुद्री युद्धाचा नियमच तसा. सोंग घ्या, फसवा, पण वार करताना खरा चेहरा दाखवा. व्यापारी जहाजं बुडवण्याआधी त्यांच्यावरच्या माणसांना सुखरूप उतरवून घेण्यासाठीही म्युलर नावाजला गेला. ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी ऑस्ट्रेलियाच्या सिडनी या क्रूझरने एमडनला संपवलं.

दुसरी, नेताजींची. फेब्रुवारी १९४३ मध्ये ते जर्मनीतल्या कील बंदरातून यू-१८० या पाणबुडीने निघाले. सोबत आबिद हसन, आपल्या तेव्हाच्या निजामाच्या राजधानीचे, हैदराबादचे. एप्रिलच्या अखेरीस मादागास्करजवळ भर समुद्रात दोघे जपानी आय-२९ पाणबुडीवर गेले. नेताजी पुढच्या रांगेत बसलेत आणि भोवती खलाशी, हा प्रसिद्ध ग्रुप फोटो जर्मन पाणबुडीवरचा नाही, या जपानी पाणबुडीवरच्या लोकांसोबतचा आहे. प्रवासाची गोष्ट जर्मनीपासून सुरू होते म्हणून खलाशांना जर्मन समजू नका. नीट बघितलं की कळतं.

आणि तिसरी, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. गोवा पोर्तुगालचा आणि पोर्तुगाल तटस्थ. म्हणून १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच एहरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स ही जर्मन जहाजं मुरगावच्या आसऱ्याला आली. एहरेनफेल्सवरून ट्रान्समीटरने पाणबुड्यांना ब्रिटिश जहाजांचे ठावठिकाणे कळवले जातात, असं ब्रिटिशांचं म्हणणं. पण तटस्थ बंदरावर फौज पाठवणार कशी? गणवेशातला एक सैनिक दिसला तरी पोर्तुगालची तटस्थता मोडल्याचा पुरावा तयार! मग कलकत्ता लाईट हॉर्स या हौशी घोडदळातले पंधरा-वीस जण निवडले. कोणी व्यापारी, कोणी कंपनीतले साहेब, बरेचसे चाळिशी ओलांडलेले. साध्या कपड्यात, फीबी नावाच्या बार्जमधून त्यांनी ९ मार्च १९४३ च्या रात्री, ऐन कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी, एहरेनफेल्सवर हल्ला केला. तिचा कप्तान आणि काही खलाशी मारले गेले. बाकी जहाजं त्यांच्याच लोकांनी बुडवली. ही गोष्ट १९७८ साली जेम्स लीझरच्या पुस्तकातून सर्वांसमोर आली, आणि १९८० मध्ये ग्रेगरी पेक आणि रॉजर मूर यांचा 'द सी वुल्व्ज' हा सिनेमा निघाला.

आता आपली बाही वाचायची विद्या इथे लावू. एहरेनफेल्स हे ब्रेमेनच्या हान्सा कंपनीचं व्यापारी जहाज. व्यापारी जहाजाच्या अधिकाऱ्याच्या बाहीवरही सोनेरी पट्ट्या असतात, टोपीवर मात्र कंपनीचा बिल्ला. म्हणजे मेलेला कप्तान आरमाराचा अधिकारी नव्हता, कंपनीचा नोकर होता. आणि मारणारे? त्यांच्या अंगावर तर गणवेशच नव्हता. एमडनने निदान झेंडा चढवला होता, इथे कुणीच काही चढवलं नाही. ट्रान्समीटरचा आरोप धरला तर हे लोक निरुपद्रवी ठरत नाहीत, हेही खरं. पण "नाझी आरमाराशी चकमक" असं एका ओळीत लिहिलं की या सगळ्या गाठी पुसल्या जातात.

गणवेश म्हणजे नुसता रुबाब नाही. मी कोण, कुणाच्या हुकमाने लढतो आणि पकडलात तर मला कसं वागवायचं, हे सगळं तो समोरच्याला सांगतो. म्हणूनच कधी कधी तो मुद्दाम उतरवून ठेवला जातो. पुढच्या वेळी गोव्याला गेलात तर बीचवरून थोडा वेळ काढून मुरगावला जा, आणि बंदराकडे बघताना या बिनगणवेशाच्या रात्रीची आठवण काढा. फोटो तर काय, कुठलाही हाती आला तरी आधी बाही बघा, मग छाती, मग टोपी. चेहरा शेवटी.